फी माफ झाली, महिन्याचा खर्च कोण देणार?

अल्पसंख्याक समाजातल्या कॉलेजच्या मुलांसाठी काय काय सवलती आहेत, असं विचारणारे फोन जूनपासून सुरू होतात ते दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हणून बसले. पण मला नुसती योजनांची नावं द्यायची नाहीत. फीची सोय आता बऱ्यापैकी होते. कॉलेजात असताना एखाद्या संस्थेत जाऊन काम शिकायची, म्हणजे इंटर्नशिपची चैन मात्र आपल्या मुलांना परवडत नाही. ती त्यांना परवडेल अशी करणं कोल्हापूरच्या हातात आहे, आणि हे मला ठासून सांगायचं आहे.

मी ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. रविवारी सकाळी सदर बाजारात एका हॉलमध्ये टेबल टाकून शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देते. अब्बांचा लक्ष्मीपुरीत फळांचा गाडा होता. आम्ही बागवान. घरात पहिली पदवी माझी, त्यामुळे कागदपत्रांसाठी कुठल्या खिडकीसमोर किती वेळ उभं राहावं लागतं ते मला कुणी सांगायला नको.

अल्पसंख्याक म्हणजे फक्त मुसलमान, ही समजूत आधी काढून टाका. केंद्राच्या यादीत सहा समाज आहेत: मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि जानेवारी 2014 पासून जैन. म्हणजे शिरोळ, हातकणंगले तालुक्यांतली कितीतरी शेतकरी घरं यात बसतात, आणि त्यांतल्या अनेकांना ते ठाऊकही नसतं. हुपरीची एक मुलगी माझ्याकडे मैत्रिणीसोबत आली होती, मैत्रिणीचा अर्ज भरायला. घरी चांदीचं काम, म्हणजे आई आणि दोघी बहिणी मजुरीवर पैंजणांना घुंगरू जोडून देतात. जैन आहेस तर तुझाही अर्ज भरू, म्हटल्यावर ती म्हणाली, "आमचं न्हाई हो त्यात, आम्ही ओपनमध्ये." ओपनमध्ये असणं आणि अल्पसंख्याक असणं एकाच वेळी होऊ शकतं हे तिला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबर 2006 मध्ये मुस्लिम समाजाच्या परिस्थितीवरचा सच्चर समितीचा अहवाल आला, त्याच वर्षी अल्पसंख्याकांसाठी पंतप्रधानांचा नवा 15 कलमी कार्यक्रम आला, आणि पुढच्या काही वर्षांत केंद्राच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. दहावीपर्यंत प्री-मॅट्रिक, त्यापुढं पोस्ट-मॅट्रिक, आणि इंजिनिअरिंग-फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांना मेरिट-कम-मीन्स. या शेवटच्या योजनेत फीसाठी वर्षाला 20,000 रुपये आणि राहण्या-जेवण्यासाठी वसतिगृहातल्या मुलाला वर्षाला 10,000, घरून ये-जा करणाऱ्याला 5,000. वर्षाला 10,000 म्हणजे महिन्याला हजारही नाहीत. कोल्हापुरात आज दोन वेळच्या मेसला किती पडतात ते विद्यानगरच्या कुठल्याही पोराला विचारा.

त्यातही अलीकडे गळती लागली आहे. पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक 2022 मध्ये थांबली. संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022-23 पासून बंद झाली, परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी 'पढो परदेश' योजनाही गेली. माझ्या ओळखीची एक मुलगी त्या फेलोशिपच्या भरवशावर पीएचडीला लागणार होती, ती आता एका खासगी क्लासमध्ये शिकवते. म्हणून मी सांगते, केंद्राच्या योजनेवर हिशेब बांधण्याआधी यंदा केंद्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर ती खरोखर उघडली आहे का ते बघा. जुन्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका.

सध्या भरवशाचं दार राज्याचं आहे, महाडीबीटी हे शिष्यवृत्त्यांचं पोर्टल. तिथं अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उच्च व व्यावसायिक शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. त्याच पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, ती खुल्या प्रवर्गातल्या मुलांना निम्मी शिक्षण फी देते, मर्यादा तीच आठ लाख. मुलींसाठी 2024-25 पासून मोठा फरक पडला: केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला लागलेल्या आणि इडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), ओबीसी किंवा एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) प्रवर्गातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. इथं आपल्या लोकांची गफलत होते. शेख-पठाणांच्या घरातली मुलगी खुल्या प्रवर्गातली असली तरी तहसीलमधून इडब्ल्यूएसचा दाखला काढू शकते. बागवान, तांबोळी, अत्तार असाल तर ओबीसीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर काढा. बौद्ध मुलांना अनुसूचित जातीची भारत सरकार शिष्यवृत्ती बहुतेक वेळा अल्पसंख्याकांच्या शिष्यवृत्तीपेक्षा जास्त पदरात टाकते. दोन्ही एकाच वेळी घेता येत नाहीत, म्हणून कागदावर बेरीज-वजाबाकी करूनच एक निवडायची. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या घरांना आपल्याकडे ओबीसीच्या सवलती मिळतात. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलाला पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, शिरोळच्या जैन मुलांनी तो जरूर बघावा. दक्षिण भारत जैन सभेकडेही शिष्यवृत्त्या आहेत, 1899 पासूनची जुनी संस्था आहे ती. कर्जच काढायचं झालं तर बँकेआधी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडं जा, शैक्षणिक कर्ज तीन टक्के व्याजानं मिळतं.

कागदांबद्दल एकच सांगते, कारण निम्मे अर्ज मार्कांमुळं परत येत नाहीत, नावामुळं येतात. दहावीच्या मार्कलिस्टवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. आमच्यात बापाचं नाव कधी नुसतं, कधी 'भाई' लावून, कधी 'साहेब' लावून, आडनाव असेल तर असेल. दहावीचा दाखला प्रमाण धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या, आणि हे बारावीच्या सुट्टीतच करा. अल्पसंख्याक असल्याचा वेगळा दाखला कुणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला तर देऊ नका. स्वयंघोषणापत्र चालतं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म असतोच. खात्याला आधार नुसता जोडून भागत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, तेच खातं मॅप झालंय का ते बँकेत विचारा. आणि अर्ज मंजूर झाल्यावर महाडीबीटीवर व्हाउचर रिडीम करायचं असतं, ते न केल्यानं हक्काचे पैसे अडकून पडलेली मुलं मी दरवर्षी बघते.

एवढं सगळं जमलं की फीचा प्रश्न सुटतो. मग खरा प्रश्न उभा राहतो.

शिवाजी विद्यापीठात एम.ए. करणारी कुरुंदवाडची एक मुलगी आमच्या संस्थेत आली. नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तर पहिल्या वर्षाला ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलंय, चार क्रेडिट, 120 तास. तिला सामाजिक संस्थेतच करायचं होतं. हंगाम भरात होता. बीडकडून आलेल्या टोळ्या गावोगावी उसाच्या फडांजवळ उतरल्या होत्या. आमचं काम असं की तळावर जायचं, खोप्यांमधून फिरायचं, शाळेच्या वयाची पोरं कुठली, कितवीत होती, गावच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलंय का, ते लिहून घ्यायचं आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांची नावं घालायची. कार्ड नसलं तरी मास्तरांना पटवायचं. लहान भावंडाला सांभाळायला ठेवलेल्या आठ वर्षांच्या पोरीच्या आईला पटवणं त्याहून अवघड.

ही मुलगी त्या कामात तयार होती. तळावरच्या बायका माझ्याशी हातचं राखून बोलत, तिच्याशी मोकळ्या बोलत, कारण ती आधी पाणी भरू लागायची आणि मग वही काढायची. संध्याकाळी ऑफिसात येऊन गावानुसार, वयानुसार एक्सेलमध्ये तक्ता करायची. कोणती पोरं सलग तीन दिवस शाळेत गेलेली नाहीत ते तक्त्यावरून दिसायचं आणि दुसऱ्या दिवशी नेमकं त्या खोपीवर जाता यायचं. ही पद्धत आमची नव्हती, तिनं बसवलेली.

पंधरवडा झाला नाही तोवर तिची आई तिच्याबरोबर ऑफिसात आली. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "आपा, राग मानू नका. पोरगी दिवसभर हिंडती, एसटीचं, खाण्याचं पैसं आम्हीच देतोय. घरात शिलाईचं काम पडलंय ते कोण करणार? शेजारणी इचारत्यात, नोकरी लागली व्हय? न्हाई म्हणायचं, मग फुकाट कशापायी जाती म्हणत्यात." तिचं काहीच चुकत नव्हतं. मुलगी घरी असती तर ब्लाऊज शिवून महिन्याला घरखर्चाला हातभार लागला असता. आमच्याकडं येऊन तो हातभार गेला, वर बसभाड्याचा खर्च आला. बायकांना एसटीला निम्मं तिकीट असूनसुद्धा रोजची जा-ये, दुपारचं खाणं, मोबाइलचा रिचार्ज हे सगळं मिळून गरीब घराला जड जातं.

आमच्या अनुदानात इंटर्नच्या मानधनाचा रकानाच नव्हता. बहुतेक संस्थांच्या अनुदानात नसतो, देणगीदाराला 'थेट लाभार्थी' हवे असतात. त्यामुळं सामाजिक संस्थांत विनामानधन इंटर्नशिप करायला येतात ती बहुतेक ज्यांच्या घरून पैसे येतात ती मुलं. ती मुलं चांगली असतात, मनापासून काम करतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण दोन वर्षांनी एखादी फेलोशिप, एखादी नोकरी निघते आणि तिथं 'पूर्वीचा अनुभव' विचारतात, शिफारसपत्र मागतात, तेव्हा ज्यांना फुकट काम करणं परवडलं त्यांच्याकडंच ते असतं.

शेवटी ओळखीच्या एका ट्रस्टच्या अध्यक्षांना मी फोन केला. जुनी मंडळी, रमजानमध्ये जकात, म्हणजे धर्मानं सांगितलेलं दान, गोळा करून वाटणारी. त्यांना सांगितलं, या मुलीला हंगाम संपेपर्यंत महिना पाच हजार द्या, दान म्हणून नको, कामाचं मानधन म्हणून द्या, संस्थेच्या सहीनं, तिच्या खात्यावर. ते तयार झाले. पहिला महिना खात्यावर जमा झाल्यावर त्या घरातलं बोलणं बदललं. आई शेजारणीला सांगायला लागली, "कामाला जाती." वडील, जे तोवर एक शब्द बोलले नव्हते, ते सकाळी स्टँडपर्यंत सोडायला यायला लागले.

हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे. मानधनामुळं नुसता खर्च भागत नाही, मुलीला घराबाहेर पडायची परवानगी मिळते. आमच्या मोहल्ल्यात, आणि खरं सांगायचं तर कुठल्याही गरीब घरात, पगार आणणारी पोरगी संध्याकाळी सात वाजता घरी आली तर चालतं. पगार न आणणारी पाच वाजता आली तरी उत्तरं द्यावी लागतात. रोजगारावर कुणी कितीही अभ्यास करो, ही गोष्ट त्या उंबऱ्याच्या आत बसल्याशिवाय कळत नाही.

कुणी म्हणेल, सरकारनं मानधनाच्या योजना काढल्या आहेत की. काढल्या आहेत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली: बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 महिना. पंतप्रधान इंटर्नशिप योजना त्याच वर्षी आली: मोठ्या कंपन्यांत वर्षभर, महिना 5,000. पण दोन्हींत अट आहे की नियमित शिक्षण चालू असता कामा नये. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला शिष्यवृत्ती फी देते आणि मानधनाच्या योजना म्हणतात, शिक्षण संपवून ये. जिला शिकता शिकता अनुभव हवा आहे ती या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते. शिक्षण संपल्यावर सामाजिक कामाच्या पुढच्या वाटा आहेत: एसबीआय यूथ फॉर इंडिया आहे, टीच फॉर इंडिया आहे, गडचिरोलीच्या 'सर्च'चा 'निर्माण' उपक्रम आहे. पण तिथल्या निवडीत तग धरायला आधी कुठंतरी हात मळलेले असावे लागतात.

कोल्हापूरला हे नवीन नाही, म्हणून मला इतकं वाटतं. दसरा चौकात उभं राहिलं की शाहू महाराजांच्या काळातल्या बोर्डिंगांची नावं मोजता येतात. 1901 मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग झालं, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, शिवाय लिंगायत, ख्रिस्ती, किती तरी. मुसलमानांमधून पुढं कुणी येईना तेव्हा महाराज स्वतः मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्ष झाले. शाळेची फी माफ करून खेड्यातलं पोर शिकणार नाही, त्याला शहरात पथारी टाकायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्यांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. कुंभोजला जन्मलेले, इथल्याच जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले भाऊराव पाटील पुढं गेले आणि 'कमवा आणि शिका' उभं केलं. शिकणाऱ्या मुलाच्या कामाला मोल असतं आणि ते त्याला द्यायचं असतं, ही गोष्ट आपल्याच मातीतली आहे. विद्यापीठात ती योजना आजही चालते.

मग आज काय अडलंय? समाजासमाजांचे ट्रस्ट आहेत, त्यांच्याकडं गाळ्यांचं भाडं येतं. दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो, नव्वद टक्क्यांच्या मुलाला ट्रॉफी आणि शाल. सत्कार करा, मुलांना उमेद येते. त्यातला थोडा पैसा बाजूला काढून पाच मुलांना दोन महिन्यांचं मानधन दिलंत तर पन्नास हजारांत काम होतं. जकात मालमत्तेच्या अडीच टक्के निघते, आणि गरजू विद्यार्थी तिचा हक्कदार असू शकतो. आपल्या मौलानांना विचारा आणि मदरशाबरोबर कॉलेजच्या मुलीचाही विचार करा. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना मी सांगत असते, कंपनी कायद्यातलं कलम 135 पाच कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा असलेल्यांना लागू होतं, त्यांनी दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचेच आहेत. शाळेला बाक देता, रंग देता, चांगलं आहे. एखाद्या संस्थेला इंटर्नच्या मानधनासाठी द्या, त्यात संस्थेचंही काम होतं आणि मुलाचंही.

संस्थांकडूनही मागणं आहे. इंटर्न म्हणजे झेरॉक्स काढायला आणि कार्यक्रमात खुर्च्या लावायला आणलेलं पोर नव्हे. त्याला एक ठरलेलं काम द्या, विचारायला एक ठरलेला माणूस द्या, आणि जाताना नुसतं 'सहभाग प्रमाणपत्र' न देता त्यानं काय केलं ते लिहिलेलं पत्र द्या. 'या मुलीनं अमुक तळांवरच्या शाळाबाह्य मुलांची नोंद केली आणि पाठपुराव्याचा तक्ता स्वतः तयार केला' हे एक वाक्य तिच्या पुढच्या अर्जात किती वजनाचं ठरतं ते निवड करणाऱ्यांना विचारून बघा.

आपल्या शहरात अशा संस्था नाहीत असंही नाही. नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड इथंच उभी केली, व्हीलचेअरवर बसून, कोल्हापूरच्या एका मुस्लिम बाईनं, सगळ्या जातीधर्माच्या अपंग मुलांसाठी. माझ्या टेबलासमोर बसलेल्या मुलींना मी त्यांचं नाव आवर्जून सांगते. त्यांतल्या काहींनी ते ऐकलेलं नसतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण समाजकार्य म्हणजे श्रीमंतांनी फावल्या वेळात करायची गोष्ट असं या मुलींच्या मनात बसलेलं असतं. इथल्या सायबर या शिक्षणसंस्थेत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे, तिथं आठवड्यातून ठरलेल्या दिवशी फील्डवर्क असतं. बी.ए. झालेल्या आणि पुढं काय म्हणून घरी बसलेल्या मुलींनी तो अभ्यासक्रम एकदा बघून यावा.

कुरुंदवाडच्या त्या मुलीचं एम.ए. या वर्षी पूर्ण होईल. ट्रस्टनं पुढच्या हंगामासाठी तीन जणांचं मानधन मान्य केलं आहे, आणि हुपरीच्या मुलीसाठी मी आता एका जैन ट्रस्टच्या मागं आहे. तिला हिशेबाची आवड आहे, एखाद्या बचत गटांच्या संस्थेत ती चटकन रुळेल. तीन जागांपैकी दोन अजून रिकाम्या आहेत. मुलगा असो वा मुलगी, सहापैकी कुठल्याही समाजातले असा, एम.ए., एम.कॉम., एम.एस.सी. पहिल्या वर्षाला असाल आणि तळावर फिरायची तयारी असेल तर कॉलेजचं ओजेटीचं पत्र घेऊन या. पत्रावर 120 तास आणि मार्गदर्शक शिक्षकांचं नाव स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर क्रेडिट नोंदवताना अडचण येते. बँकेचं पासबुक बरोबर आणा. खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं हवं, वडिलांच्या किंवा भावाच्या नाही.